कल्पनाचे नियम आणि माझ्या सर्व्हिसेस

ऑफिसातले किस्से साठायला फार काही घडावं लागत नाही. दोघांनी एका टेबलावर बसावं आणि कौतुक एकाचंच व्हावं, एवढं पुरतं. जव्हारच्या आमच्या ऑफिसात कौतुक होतं ते कल्पनाचं.

आमचं काम टँकरच्या पाण्याचं. मोखाड्याकडच्या पाड्यांवरच्या टाक्यांत सेन्सर, टँकरवर जीपीएस, आणि लोकांच्या तक्रारींसाठी एक फोन. तिन्हीकडून सारख्या खबरा येतात. त्या एकमेकींशी जुळवून काय बिनसलंय ते ओळखणारे नियम कल्पना लिहिते. मग मेसेज पाठवणं, जवळचा टँकर शोधणं, ड्रायव्हरला कळवणं, अशा एकेका कामाचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिसेस, मी लिहितो. सगळं नीट चाललं की 'कल्पनाचे नियम भारी'. अडलं की 'तुझी सर्व्हिस बघ जरा'.

*

एकदा ठाण्याहून साहेब आले. कल्पनाने त्यांना समजावलं, "सर, टाकी उतरतेय, ही साधी खबर. टँकर घाटात थांबलाय, हीपण साधीच. पण दोन्ही एकदम आल्या, म्हणजे त्या पाड्याला आज पाणी मिळणार नाही. ते सिस्टीम आधीच ओळखते."

साहेब खूश. माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

"तिनं ओळखलं की पुढे सगळ्यांना कळवणाऱ्या सर्व्हिसेस माझ्या."

"अच्छा, म्हणजे पोस्टमन."

चहावाल्यानेही दुसऱ्या दिवशी मला त्याच नावाने हाक मारली.

*

मेसेजचा मजकूर मात्र माझा होता. 'आज टँकर उशिरा येईल, कल्पना असावी.' शाळेच्या सूचनेसारखा, शुद्ध. वांगणीहून एका बाईंचा फोन आला.

"कल्पनाबाय हाय का?"

"काय काम होतं?"

"तिचा मेसेज आला ना. खाली नावबी हाय. सांग तिला, आमी झऱ्यावरून हंडे भरून आनले. लई चांगली बाय. आधी कोन सांगत होतं असं?"

मी त्याच दुपारी 'कल्पना असावी' काढून 'नोंद घ्यावी' टाकलं. कल्पनाने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "का रे बदललंस? आधीचं छान वाटत होतं."

*

जानू हा आमचा टँकर ड्रायव्हर. घाटातल्या टपरीवर तो चहाला थांबला, की कल्पनाचा नियम जागा व्हायचा आणि माझी सर्व्हिस जानूला फोन लावायची. एक दिवस तो तावातावाने ऑफिसात आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला. "चहाबी पिऊ देत नाय तुमी मानसाला."

कल्पनाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि नियमात चहाची सवलत घातली. पुढच्या खेपेला जानू पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आला. द्रोण तिच्या टेबलावर ठेवला. मला म्हणाला, "दादा, तुमचा फोन आता येत नाय, बरं झालं."

*

सूर्यमाळच्या एका पाड्यावर सोमीआजी राहते, एकटीच. टाकी भरलेली असली तरी तिचा रोज सकाळी फोन. मी उचलला की म्हणायची, "तू नको, कल्पनाला दे." मग दोघींच्या गप्पा.

कल्पना रजेवर होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी आजीचा फोन आला नाही. तिला कोणी रजेचं सांगितलं असेल म्हणून मी सोडून दिलं. दुपार व्हायला आली तरी मन लागेना. स्क्रीनवर सगळं हिरवं. मीच फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. जानू त्याच बाजूला होता. त्याला म्हटलं, जरा घरी जाऊन बघ.

टाकीच्या वाटेवर आजी उन्हात पडली होती. पायाचं हाड मोडलेलं, शुद्ध जेमतेम. पाड्यावरच्या लोकांनी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणली आणि जीपने जव्हारच्या दवाखान्यात पोचवली. आणखी उशीर झाला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

रजा संपवून कल्पना आली. सगळं ऐकून तिने विचारलं, "नियमात काहीच दिसलं नव्हतं?"

"नाही. टाकी भरलेली, टँकर वेळेवर, तक्रार एकही नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"फोन आला नाही म्हणून."

तिने आपले सगळे नियम पुन्हा उघडून पाहिले; न आलेल्या फोनसाठी त्यांत एकही नव्हता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही रोज एकत्र डबा खातो. त्या दिवशी तिने आपला डबा उचलला आणि जिन्यात जाऊन बसली.