काकांच्या फियाटचं दुसरं इंजिन

"मी नुसता बघतो हं," असं म्हणून काका दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. आमच्या डहाणूच्या गल्लीत कुणाचा पंप बिघडो की पंखा, रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ हजर. आणि बघता बघता तेच हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये! अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. त्यांना 'नको' म्हणायची सोय नसते.

२०१६च्या उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. भर दुपार, रिक्षा मिळेना, आणि जुनी फियाट इंजिन जाम होऊन दारात उभी. काकू अनवाणी रस्त्यावर धावल्या आणि चिंचणीचा मासळीचा टेम्पो अडवला. "सुरमईच्या शेजारी झोपून गेलो," असं काका सगळ्यांना हसत सांगायचे. मला मात्र एकदा म्हणाले, "तिचे पाय भाजले रे. गाडी चालू करून तिला शिकवणार. मला परत काही झालं तर तिने कुणाच्या पाया पडायचं नाही."

वापीच्या भंगारातून तसंच दुसरं इंजिन आलं, तलासरीहून मिस्त्री आला. डॉक्टरांनी काकांना जड काम बंद केलं होतं. काकूंनी मला बजावलं, "यांना हात लावू देऊ नकोस. तुझ्यावर सोपवलंय." कपाळ माझं! त्यांना अडवणं काय माझ्या हातात होतं?

तीन लोखंडी पाइपांची तिकाटी उभारून मिस्त्रीने इंजिन साखळीने वर घेतलं आणि हळूहळू गाडीत सोडलं. पण गिअरबॉक्सचा दांडा काही त्यात शिरेना. बोटभर फट राहिली. मिस्त्री खाली हात घालून चाचपत होता. "काका, तमे बेसो ने," असं मधूनच ओरडत होता. काका बसतायत कसले! मी इंजिनाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो.

तेवढ्यात तिकाटीचा एक पाय मातीत सरकला. इंजिन झुललं. मिस्त्रीचा हात अजून आतच! मी हलायच्या आत काकांनी सरकणाऱ्या पाइपला खांदा दिला. मीही धावून तो कवटाळला. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता, घामाच्या धारा लागल्या होत्या. पायरीवरून काकू किंचाळल्या, "अहो, सोडा! नको मला गाडी!"

"आधी त्याचा हात निघू दे," काका म्हणाले.

मिस्त्रीने हात ओढून काढला आणि पाइपाच्या बुडाशी दगड सारला, तेव्हा कुठे आम्ही सोडलं. काका मातीतच बसले. काकू पदराने त्यांचं तोंड पुसत होत्या आणि अशा काही झापत होत्या, की मिस्त्रीनेही मान खाली घातली.

संध्याकाळी इंजिन बसलं, सुरूही झालं. नारळ फुटला आणि काकांनी किल्ली काकूंच्या हातात ठेवली.

"मला नाही जमायचं."

"जमेल. मी आहे ना शेजारी."

मग समुद्राकडच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. गाडी आचके द्यायची, काकू चिडायच्या, आणि आम्ही गल्लीतले लोक गंमत बघायचो.

पुढच्या वर्षी दुखणं उलटलं. काकूंनी कुणालाच हाक मारली नाही, मलाही नाही. काकांना शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी घेऊन वापीच्या हॉस्पिटलला निघाल्या. काका परत आले नाहीत.

तेरावं झाल्यावर काकू मला म्हणाल्या, "वाटेत गंजाडपर्यंत बोलत होते रे. 'छान चालवतेस,' म्हणाले. मग मान कलली. मला कळलं. पण मी थांबले असते ना, तर पुन्हा गाडी सुरू करायला माझे हात चालले नसते. म्हणून तशीच नेली. वापीपर्यंत मीच बोलत राहिले त्यांच्याशी."