निरीक्षक ट्रॅकवर गेले तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी घरात आणि गल्लीत सगळे त्यांना निरीक्षकच म्हणतात. दुकानदाराचा तराजू, पेट्रोलपंपाचं माप, कापडवाल्याची पट्टी पारखण्यात आयुष्य गेलं की माणसाचा जो स्वभाव व्हायचा तो झाला. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि वडिलांना म्हणाले, "तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे."

"मुद्दाम ठेवलंय," वडील म्हणाले.

निरीक्षकांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर घरी येऊन स्वतःच्या यंत्रावर परत मोजतात, आणि आकडा जुळला की दोन्ही यंत्रं बिघडली असतील का, असा विचार करत बसतात.

निवृत्तीनंतर त्यांनी मोटारसायकल घेतली. लांबच्या प्रवासाची, अवजड, दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे उंच काच, मागची सीट सोफ्यासारखी रुंद. बहिणीला मागे बसवून ते गावंच्या गावं फिरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात झालं नाही एवढं बोलणं त्या गाडीवर झालं, असं बहीणच सांगायची.

मग गेल्या वर्षी डोंगरातल्या एका वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन कडेच्या खडीत आडवी झाली. निरीक्षकांना नुसतं खरचटलं, बहिणीचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण ती पुन्हा मागे बसली नाही. कुठे जायचं असेल तर ती बसने जाते आणि हे बसच्या मागोमाग गाडीवरून. ती थांब्यावर उतरली की हे हेल्मेट काखेत घेऊन उभे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस हिच्यावर पाळत ठेवून आहे.

गुन्हेगार कोण हे निरीक्षकांनी ठरवून टाकलं होतं. गाडी बघणारा फिटर. पडण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं तेल बदललं होतं. "तेल कमी घातलं त्याने. वळणात झुकलेली गाडी आपोआप सरळ उभी होते," असं ते येईल त्याला सांगायचे. फिटर वीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने बिचाऱ्याने सगळं पुन्हा उघडून, मापून दाखवलं.

"दाखवताना बरोबरच दाखवणार," निरीक्षक म्हणाले, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

यंदा एके दिवशी बहीण माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"दादा, ह्यात काहीतरी पाणी मुरतंय. शर्यतीचा ट्रॅक आहे ना, तिथे एक दिवस नवशिक्यांना गाडी चालवायला देतात म्हणे. हे चाललेत. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, शिकायला. चाळीस वर्षं दुचाकी चालवणारा माणूस, शिकायला?"

"असेल बुवा."

"भाड्याने चामड्याचा सूट आणलाय. कपाटामागे दडवून ठेवलाय. शर्यत लावणार बघ ह्या वयात. तू जा बरोबर."

"मी जाऊन काय करू?"

"बघायचं आणि मला येऊन सांगायचं. एवढं तरी जमेल ना?"

मी जन्मभर टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे बसून तिकिटं विकली. हेरगिरी माझ्या रक्तात नाही. पण बहिणीला नाही म्हणणं त्याहूनही नाही. निरीक्षकांनी मला बरोबर नेण्याचं लगेच कबूल केलं. त्यांना साक्षीदार हवाच होता.

"दादा, कोणाला सांगू नका," निघताना ते हळूच म्हणाले. "शिकायला नाही, मी गाडी तपासायला चाललोय. तिथे खड्डा नाही, वाळू नाही, समोरून ट्रक नाही. तिथे उभी झाली म्हणजे दोष गाडीचाच. मग ही कशी बसत नाही ते बघतो."

मी मागे बसलो. तासाभराचा रस्ता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की उजव्या आरशात त्यांचे डोळे दिसताहेत. वळण जवळ आलं की ते डोळे आरशात यायचे, थेट माझ्यावर रोखलेले. बहिणीने मला कशासाठी पाठवलंय हे ह्यांना कळलं, असंच मी धरून चाललो. पुढच्या वळणाला मी चेहरा निष्पाप ठेवायचा प्रयत्न केला. हेल्मेटमध्ये तो कितपत दिसला असेल कोण जाणे.

ट्रॅकवर आधी त्यांचीच तपासणी झाली. तपासणीवाल्याने पेट्या उतरवायला लावल्या, दिव्यांवर चिकटपट्टी लावली, आणि मग दोन्ही आरशांवरही.

"आरशावर कशाला?" निरीक्षक.

"इथे मागे बघायचं नाही, काका. मागून येणारा तुम्हाला सांभाळून जाईल. ती त्याची जबाबदारी."

"आणि नाही सांभाळलं तर?"

"तर त्याला घरी पाठवतो."

"आणि मला कुठे पाठवता?"

तपासणीवाला हसला. निरीक्षक हसले नाहीत. टायरमधली हवा त्याने कमी केली तर ह्यांनी खिशातून स्वतःचं मापक काढून चारदा मोजली.

शिकवणारी बाई तिशीची होती, आवाज खणखणीत. झेंडे कोणते, ब्रेक कुठे मारायचा, वळणांवर प्लास्टिकचे शंकू कशासाठी ठेवलेत, हे तिने फळ्यावर समजावलं. सगळे जण मान हलवत होते, निरीक्षक फक्त तिच्याकडे बघत होते. पेट्रोलपंपावर ते असेच बघतात.

मी दुसऱ्या वळणाजवळ कुंपणाशी उभा राहिलो. सगळ्या हलक्या, चपळ गाड्यांमध्ये आमची गाडी म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरलेलं कपाट. पहिल्या फेरीत ती वळणात शिरली, झुकली, आणि मग दचकल्यासारखी उभी राहून सरळ गवतात गेली. पण ते पडले नाहीत. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा चेहरा उजळला होता.

"पाहिलंत ना, दादा? आपोआप उभी झाली! साक्षीला राहा."

शिकवणाऱ्या बाईने ते ऐकलं. "काका, मी एक फेरी मारू तुमच्या गाडीवर?"

"मारा. पण सांभाळा. उभी होते ती."

ती तीन फेऱ्या मारून आली. यांच्याहून दुप्पट वेगात. गाडी प्रत्येक वळणात आडवी झुकली आणि तशीच, न दचकता बाहेर आली.

"छान आहे गाडी. पुढचा भाग तर एकदम पक्का आहे."

"तुमचं वजन कमी आहे," निरीक्षक म्हणाले.

पुढच्या वेळी ती त्यांच्या मागे राहिली. फेऱ्या संपल्यावर हेल्मेट काढून सरळ म्हणाली, "काका, तुम्ही वळणात शिरताना आरशात बघता. तेवढ्या वेळात वळण हातचं जातं, मग तुम्ही घाबरून एकदम ब्रेक दाबता. म्हणून गाडी उभी होते."

"आरशात? अहो, आरशावर पट्टी आहे!"

"तेच तर. तरीही बघता."

"हे शक्यच नाही. दादा, सांगा यांना."

मला माणसांच्या तोंडावर बोलणं कधी जमलं नाही. खिडकीवर कोणी चुकीचं तिकीट मागितलं तरी मी गुपचूप द्यायचो. पण मी कुंपणाशी उभा राहून प्रत्येक फेरीला त्यांचं हेल्मेट उजवीकडे खाली झुकताना पाहिलं होतं. वळण आलं की झुकायचं.

"बघता तुम्ही," मी म्हणालो. "प्रत्येक वेळी."

निरीक्षक माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता माझ्याशीही बोलणं टाकणार. मग ते गाडीपाशी गेले, उजव्या आरशाच्या पट्टीवर बोट फिरवलं.

"काय दिसतं त्यात?" बाईने विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता.

"आमची ही दिसते," ते म्हणाले. "मी तो आरसा तसा वळवून घेतलाय. ती मागे झोपते. डोळे मिटलेले असतात, एकदा मान कलली होती. झोपेत पडली म्हणजे? म्हणून वळण आलं की बघून घेतो, जागी आहे ना."

येताना माझ्यावर रोखलेले ते डोळे हेरासाठी नव्हते तर.

शेवटच्या पंधरा मिनिटांत बाई पुढे आणि हे मागे, असे ते फिरले. ती हाताने शंकू दाखवायची, हे शंकूकडे बघायचे. गाडी एकदाही उभी झाली नाही. परत आले तेव्हा मात्र चेहऱ्यावर आनंद नव्हता.

घरी पोहोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. आधी मला बाजूला ओढलं. "शर्यत लावली का?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंय ह्यांनी? दादा, खरं सांग."

"त्यांनाच विचार."

निरीक्षक बुटांच्या नाड्या सोडत होते. वर न बघताच म्हणाले, "फिटरचा दोष नव्हता. माझा होता. मी आरशात बघत होतो."

"कोणाला?"

"तुला. झोपतेस म्हणून."

बहिणीने संशयाने माझ्याकडे पाहिलं, हे बोलायला मी शिकवलंय की काय म्हणून. मी नाही म्हणून मान हलवली.

"झोपत नव्हते मी," ती म्हणाली. "डोळे मिटून घ्यायचे. वळण आलं की तुमचं लक्ष रस्त्यावर नसायचं. मला मागून कळायचं ना! बघवायचं नाही, म्हणून मिटायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मान्य केलं असतं? माझं बोलणंही काट्यावर चढवून तोललं असतं."

निरीक्षकांनी एक बूट काढला होता, दुसरा पायातच होता. मी निघावं की थांबावं ते मला कळेना. चहा तरी मिळेल या आशेवर थांबलो.

"तो बूट घाला परत," बहीण म्हणाली.

"का?"

"मी बसते. पण कुठे जायचं ते मी सांगणार. फिटरच्या गॅरेजवर. आत्ता जे मला म्हणालात तेच त्याला म्हणायचं. त्याच्या कामगारांसमोर."

"उद्या सकाळी गेलो तर—"

"उद्या मी बसने जाईन."

निरीक्षकांनी बूट घातला. खाली जाऊन आरसा रस्त्याकडे वळवला. बहिणीचा त्यावर विश्वास बसेना. ती मागे चढून बसली आणि मला म्हणाली, "दादा, पुढे बसून बघ. मी दिसते का?"

मी पुढे बसलो. आरशात फाटक होतं, कचऱ्याची गाडी होती, सायकलवरून जाणारा मुलगा होता. "नाही दिसत."

"नक्की?"

"नक्की."

मग निरीक्षक बसले. गाडी सावकाश निघाली. कोपऱ्यावर वळताना त्यांची मान सरळ होती. बहिणीने मात्र मागे वळून पाहिलं, मी नीट लक्ष ठेवून उभा आहे की नाही ते.