कावेरीचं बागिन आणि माझा साडू

देवानं सुख वाटायला काढलं तेव्हा बेंगळुरातली बाकी सगळी माणसं झोपली असावीत, कारण ते सगळं एकट्या माझ्या साडूनं उचलून नेलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साठी उलटली तरी दात स्वतःचे, डोक्यावर केस, गुडघे असे की जिना चढताना कठड्याला हात लावत नाही, आणि घरात हाक मारली की ओ देणारी बायको. माझे दात गेले, गुडघे गेले आणि शेवटी बायकोही गेली. मी स्पष्टच सांगतो, मला त्याचा हेवा वाटतो. म्हातारपणी हेवा शोभत नाही म्हणतात. न शोभू दे. जन्मभर शिंपीकाम केलंय, कुणाला काय शोभतं ते मला विचारा.

आता त्याला काय शोभतं म्हणाल, तर काहीच नाही, आणि तरी तो सगळं घालतो. गुडघ्याच्या वर चढलेली खाकी चड्डी, पोपटी बनियन, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गळ्यात शिट्टी. छाती चौतीस आणि ऐट बेचाळीस, असं हे माप. शिट्टी तो घरातही काढत नाही. एकदा फुंकली की कॉफी, दोनदा फुंकली की गरम पाणी, असा कायदा त्यानं केला होता. माझ्या मेहुणीनं तो पहिल्याच दिवशी मोडला. “शिट्टीला कुत्रं येतं, बायको येत नाही,” म्हणाली, आणि कॉफीचा पेला त्याच्यासमोर स्वतः पिऊन टाकला. दुसऱ्या कुणी मान खाली घातली असती. हा गल्लीभर सांगत सुटला, “बघा, माझी बायको कशी वाघीण आहे!” अशा माणसाला हरवायचं तरी कसं?

कारखान्यातल्या नोकरीतनं सुटल्यावर त्यानं एकेक धंदा करून पाहिला. गच्चीवर मधमाश्या पाळल्या, त्या शेजारच्या मिठाईवाल्याकडं राहायला गेल्या. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला, जेव्हा आमच्या गावात कॉम्प्युटरची पोरं येऊन मारतहळ्ळीपर्यंत घरं भाड्यानं घेऊ लागली, तेव्हा ह्याला कळलं की ह्या पोरांच्या हातात पैसा आहे आणि रविवारी काय करावं ते त्यांना सुचत नाही. भंगारबाजारातनं एक रबरी नाव आणली. कुठल्याशा कॉफीच्या मळेवाल्याकडनं चार चाकांच्या दोन जुन्या फटफट्या आणल्या, बसलं की रेड्यावर बसल्यासारखं वाटावं अशा. आणि कनकपुऱ्याच्या पलीकडं कावेरीच्या काठी एक दिवसाची सहल सुरू केली. आधी रबरी नावेतनं खडकाळ धारेतनं खाली जायचं. जिथं नाव लागते तिथं फटफट्या उभ्या, त्यांच्यावर बसून वाळूच्या वाटेनं धुरळा उडवत परत यायचं. पाटी त्यानं स्वतः रंगवली होती: ‘सकाळी पाणी, दुपारी माती, संध्याकाळी घरी.’ घरी पोहोचण्याची हमी देणारी ती एकच सहल असावी. परदेशी पाहुणे आले की हात जोडून सांगायचा, “रिव्हर इज मदर. फाल डाउन, नो प्राब्लम. मदर!” आणि ते हसत हसत नावेत चढायचे. मी असं काही बोललो असतो तर पोलीस आले असते.

माझी बायकोसुद्धा त्याला हसायची. म्हणजे त्याच्या बोलण्याला. तो आमच्या कॉटनपेटेतल्या घरी आला की स्वयंपाकघरातनं तिचं हसू बाहेर यायचं, आणि मी मशीन जरा जोरात चालवायचो. तो तिला अक्का म्हणायचा, ती त्याला पाव्हणं. तो डोसे खायला बसला की तव्यावरचा पहिला डोसा, जो नेहमी चिकटतो, तुटतो, तो ती माझ्या ताटात टाकायची आणि दुसरा, जाळीदार, कुरकुरीत, त्याला. मी एकदा विचारलंच, “मला काय जीभ नाही कुरकुरीत खायला?” तर म्हणाली, “ते पाव्हणं आहेत. तुम्ही घरचं माणूस.” चिकटलेला डोसा खाल्ला.

तिचा एक नेम होता. पाऊसकाळ सरता सरता कावेरी भरून वाहायला लागली की ती नदीला बागिन द्यायची. बागिन म्हणजे आपलं वाणच. दोन सुपं, त्यांत तांदूळ, डाळ, गूळ, बांगड्या, हळदकुंकू, खण. एकावर एक सूप झाकून पिवळ्या दोऱ्यानं बांधायचं आणि सवाष्णीनं नदीच्या हाती सोडायचं. मी दरवर्षी बसनं तिला घेऊन जायचो आणि काठावर चपला राखत बसायचो. ज्या वर्षी ती गेली त्या वर्षीची सुपं तिनं आधीच आणून, हळद लावून खिळ्याला टांगली होती. ती तशीच राहिली. वर्षाचं होईपर्यंत सण नाही, वार नाही. मी रोज कापड कापायचो आणि समोर ती पिवळी सुपं.

वर्षश्राद्ध झालं आणि मी ठरवलं, हे बागिन नदीला पोहोचलं पाहिजे. पण विधुरानं बागिन द्यायची रीत नाही. द्यायचं तर तिच्या बहिणीनं. मेहुणी म्हणाली, “दाजी, सहलीच्या गाडीतनं चला. मी तिथं पाहुण्यांच्या जेवणाला असतेच. ह्यांना सांगते.”

“त्याला सांगायचं नाही,” मी म्हणालो.

“का?”

“तो शिट्टी वाजवून सगळी गिऱ्हाइकं गोळा करील. फोटो काढतील. माझ्या बायकोचं बागिन आहे, त्याच्या सहलीचा तमाशा नाही.”

खरं कारण ह्याहून लहान होतं. एवढं एक काम तरी त्याच्या हाताशिवाय व्हावं, असं मला वाटत होतं.

सुपं मी भरली. तांदूळ सांडू नयेत म्हणून सवयीनं वरून एक खोळ शिवली. तिच्या शेवटच्या झंपराचं निळं कापड उरलं होतं, त्याची. दुहेरी टीप मारली. माझी टीप तशी उसवत नाही. पहाटे गाडीत बसताना साडूनं विचारलं, “अण्णा, हे निळं गाठोडं कसलं?”

“माझा फराळ.”

“एवढा? आमच्या घरचं जेवण सोसत नाही होय?”

“पथ्य आहे,” म्हणालो, आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

नदीवर पोहोचलो. पाणी भरून, तांबूस. साडूनं सगळ्यांना नारिंगी तरंगणारी जाकिटं वाटली. ती मूळची कुणा धिप्पाड लोकांसाठी केलेली, म्हणून महिन्यामागं त्यानंच माझ्याकडं आणली होती, “अण्णा, स्वल्प आत घ्या,” म्हणून. सगळी आत घेतली होती. त्यातलंच एक त्यानं माझ्याही अंगात घातलं. “काठावर बसणार असाल तरी घाला. कावेरी कधी काठावर येईल सांगता येत नाही.” मग शिट्टी फुंकली, नावेत उडी मारली आणि पोरांना ओरडून वल्ही मारायला लावत वळणापलीकडं दिसेनासा झाला. माझ्या वयाला कुणी असं उडी मारून जातं का?

मेहुणी आणि मी पाण्याच्या कडेला गेलो. ती म्हणाली, “दाजी, खोळ काढा ना. सुपंच सोडायची असतात.”

“राहू दे. तिच्या आवडीचा रंग आहे. नेसून जाऊ दे.”

तिनं पदर सावरला, ताईचं नाव घेतलं, हळदकुंकू वाहिलं आणि ते निळं गाठोडं पाण्यावर ठेवलं. ते जरा घोटाळलं. मग धारेला लागलं आणि गेलं. मेहुणी डोळे पुसत जेवणाकडं वळली. मी दगडावर बसलो. एक काम झालं, त्याच्याशिवाय झालं, असं मनाला सांगत होतो. बरं मात्र वाटत नव्हतं.

थोड्या वेळानं वाळूच्या वाटेवर आवाज आला. चार चाकांची फटफटी धूळ उडवत भरधाव येत होती. वर माझा साडू, नखशिखांत भिजलेला, काळा चष्मा कुठंतरी नदीला दिलेला, एका हातानं फटफटी आवरतोय आणि दुसऱ्या हातानं डोक्यावर ते निळं गाठोडं धरलंय. मागच्या फटफटीवर दोन पोरं टाळ्या पिटत येताहेत.

“घ्या अण्णा!” तो लांबूनच ओरडला. “तुमचा फराळ वाहून चालला होता! खालच्या डोहात दिसला. म्हटलं, पथ्याचा माणूस, उपाशी राहील. मारली उडी!”

गाठोडं त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. थेंब न् थेंब कावेरी गळत होती. टीप एकही उसवली नव्हती.

मेहुणीनं पळी टाकली आणि धावत आली. “अय्यो! काय केलंत हे? ताईचं बागिन होतं ते! नदीला दिलेलं परत आणलंत!”

साडूनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. गळ्यातली शिट्टी मुठीत धरली आणि उभा राहिला. ह्या माणसाला गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं, तो असा गप्प झाला की मला फार आनंद होईल. झाला नाही.

“फराळ म्हणालात ना अण्णा,” एवढंच तो म्हणाला.

“म्हणालो,” मी म्हणालो.

मी खिशातलं ब्लेड काढलं, शिंप्याच्या खिशात ते असतंच, आणि टीप उसवली. सुपं जशीच्या तशी. पिवळा दोरा सोडून वरचं सूप उचललं, तर तांदूळ भिजून फुगले होते. मेहुणी वाकून पाहत राहिली. मग तिचा आवाज बदलला. “दाजी, ओटी भरून घेतलेली बाई चार दाणे माघारी ठेवते ना, त्या घराचं रिकामं होऊ नये म्हणून? तेवढ्यासाठी आलंय हे. पदर धरा.” मला कुठला पदर? मी नारिंगी जाकिटाखालचा सदरा धरला. तिनं मूठभर ओले तांदूळ त्यात टाकले. “आता परत द्या.”

“तू दे.”

“काठावरनं नको. पुन्हा कुणाच्या हाती लागेल. मधल्या धारेत सोडायला पाहिजे, आणि नावेत मी मेले तरी चढणार नाही.”

“विधुरानं द्यायची रीत नाही.”

“रीत मला ठाऊक आहे. पण ताई तुमच्यावर रागावेल का? मग!”

साडूनं पोरांना खालच्या डोहातनं नाव वर ओढून आणायला लावली. मला पाण्याची भीती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायको सोडून. पण नावेत पाय ठेवताना त्यानं न विचारता मनगट धरलं आणि सोडलं नाही. दुसऱ्या हातानं वल्हवत त्यानं नाव मधल्या धारेत आणली. मी पुन्हा दोरा बांधलेली सुपं पाण्यावर ठेवली. ती एकदा गर्रकन फिरली आणि उघड्या, पिवळ्या अंगानं लांब गेली. मी रडलो नाही, रडून झालं होतं. मागं हुंदका आला. साडू वल्हं टाकून लहान पोरासारखा रडत होता, “अक्का, अक्का,” करत. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला. बायको माझी, आणि मोठ्यानं रडणारा हा. रडण्यातसुद्धा पुढं. पण मनगट त्याच्याच हातात होतं, आणि वल्हं मारायला दुसरं कुणी नव्हतं.

ते तांदूळ मी वाळवून देवाजवळच्या डबीत ठेवलेत. ते नारिंगी जाकीट त्यानं खिळ्याला टांगून ठेवलंय, गिऱ्हाइकं कितीही येवोत, कुणाला देत नाही. “अण्णांच्या मापाचं आहे,” म्हणतो. नदी भरली की शिट्टी वाजवत माझ्या दारात येतो. अजून तसाच, सगळे दात, सगळे केस, आणि अजून तो मला सोसवत नाही.

आला की मी तवा ठेवतो. शिकलोय आता, डोसा घालायला. दुसरा जाळीदार निघतो, तो त्याला देतो. “अक्कासारखाच जमलाय,” तो म्हणतो. साफ खोटं. पहिला तव्याला चिकटतो, तुटतो. तो उलथन्यानं खरवडून मी माझ्या ताटात घेतो. घरच्या माणसाचा तोच असतो.