भागधारक म्हणजे कोण

नव्या फ्लेक्सचा वास आला की दुष्काळातली ती बैठक आठवते. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात परदेशी पवनचक्की कंपनीने शाळेत फ्लेक्स लावला होता, ‘सर्व भागधारकांचे स्वागत’. मी शिकलेली सून, म्हणून बायकांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, भाग म्हणजे वाटा. कंपनीच्या बोअरचं पाणी आपल्यालाही मिळणार. त्या भरवशावर कंपनीला शेतातून रस्ता देण्याच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. मग मी पाण्याच्या वाट्याचं विचारलं, तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले, “मॅडम, ज्यांच्यावर परिणाम होतो ते भागधारक.” टँकरच्या रांगेतून आलेल्या माझ्या सासूबाई उठल्या. “परिणाम तर व्हायलाच लागलाय की साहेब. वाटा कुठं हाय?” साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि आभार मानले. कागद परत मागावा की टाळ्या वाजवाव्यात, कुणाला समजेना. काहींनी टाळ्या वाजवल्या, त्यांत मीही होते. का, ते मला अजून सांगता येत नाही.