जन्मगाव दुसरबीड

विमलताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मेहकरच्या बसमध्ये होते. तिच्याकडेच निघाले होते…

आमच्या बीबी गावच्या शाळेत आम्ही दोघी मराठी शिकवायचो. निवृत्तीनंतर बायका तीर्थाला जातात. ही मेहकरात राहायला गेली आणि तिनं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आमच्या गावच्या कादंबरीकाराचं चरित्र सुधारायला घेतलं. चार ओळींचा लेख, त्यातही चुका! ताई वाचनालयात जुने दिवाळी अंक उपसायची. पुराव्याशिवाय एक शब्द पुढं सरकू द्यायची नाही. मी हौसेनं 'थोर' लिहिलं, तर खोडलंच.
"थोर असन तर वाचणाऱ्याले समजनच ना! आपण काऊन सांगावं?"

मग ती जन्मगावाशी अडली. लेखात बीबी होतं. वेशीवर 'जन्मभूमी' लिहिलेली कमान होती, तीही तिच्या सख्ख्या भावानं, दिनकरभाऊंनी, सरपंच असताना उभारलेली. ताई म्हणाली, "लेखक म्हंजे त्यांच्या मायचं पहिलं लेकरू. पहिलं बाळंतपण सासरी होते काय वं कधी?" मायचं माहेर दुसरबीडचं. अगं बाई! आमची स्वतःची पहिली लेकरं आजोळी जन्मलेली, आणि गावातल्या एकीलाही हे सुचलं नव्हतं. तरी नुसत्या तर्कावर तिनं लेखाला हात लावला नाही. खूप दिवसांनी एका अंकात लेखकाचीच मुलाखत सापडली. आपण आजोळी जन्मलो, असं त्यांनीच सांगितलेलं. तेव्हा कुठं तिनं बीबी काढून दुसरबीड लिहिलं.

गाव पेटलं. "घरचीच बाई गावाचं नाक कापून राह्यली!" असं म्हणत दिनकरभाऊंनी बोलणंच तोडलं. राखीला ती गेली, तर दार उघडलं नाही. माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली… पण अक्षर मागं घेतलं नाही. मी असते तर भावासाठी गुमान बसले असते. त्या दिवशी मला तिची भीतीच वाटली, इतकी ती मोठी दिसली.

तेरावं झाल्यावर सहज लेख उघडला, तर कोणीतरी पुन्हा बीबी करून ठेवलेलं! तळपायाची आग मस्तकात गेली. दुरुस्ती तिच्याच कॉम्प्युटरवर करू म्हणून तडक मेहकर गाठलं. खोलीचं दार उघडं होतं. तिच्या खुर्चीत दिनकरभाऊ बसले होते, एका बोटानं अक्षरं शोधत… दु… स… र…

माझी चाहूल लागली, तरी वळले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "त्या मुलाखतीचा पुरावा खाली कसा जोडाचा, तेवढं मले सांगा."