उभ्या मोटारीचं पेट्रोल

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो! रहीमचाचासारख्या ड्रायव्हरच्या शेजारी तीन वर्षं कंडक्टरकी करा, किस्से आपोआप अंगावर पडतात, टपावरच्या टोपलीतली संत्री पडावी तसे. तुम्ही आज हसता. तेव्हा माझं डोकं रोज फुटायची वेळ यायची!

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, महिन्याचं ठरलेलं. आमची एकच मोटार, अमरावती ते अकोला. मालक दादासाहेब, पेशानं वकील. लागोपाठ दोन महिने शेवटच्या आठवड्यात पेट्रोल संपलं आणि मोटार कडुनिंबाखाली उभी राहिली. दादासाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "पुन्हा असं झालं तर मोटार विकतो. गाडी उभी राहिली की इंजिन बंद! कळलं?"

मला तर चांगलंच कळलं. माझं लग्न या नोकरीवर ठरलं होतं. अकोल्याचे होणारे सासरे रोज स्टँडवर यायचे, ते मला नाही, मोटार आली की नाही ते बघायला!

* * *

पण चाचा इंजिन बंद करतील तर शपथ! लढाईमुळे नवी बॅटरी मिळेना. सेल्फ मेलेलं. पुढून हँडल मारूनच गाडी चालू व्हायची.

बडनेऱ्याला मी म्हटलं, "चाचा, बंद करा."

"बंद मी करतो. चालू कोन करन? तुमचे सासरे?"

मला आला राग. बंद करायला लावलीच, आणि हँडल स्वतः मारलं. त्यानं असा उलटा झटका दिला, की मी थेट सखूबाईच्या वांग्यांत! सखूबाई म्हणजे रोज आमच्या मोटारीनं अमरावतीहून बडनेऱ्याला भाजी नेणारी माळीण. नुकतीच उतरून टोपली सारखी करत होती. मला हात देणं राहिलं बाजूला, वरून म्हणते, "मास्तर, भरीत कराचं व्हतं त आंधी वांगे भाजाचे न!"

* * *

बरं, बंद ठेवावी तर पब्लिक बसेना! आपल्याकडे मोटार घरघरली म्हणजे निघाली, एवढंच लोकांना माहीत. तोवर चहा, बिडी, गप्पा. अमरावतीच्या स्टँडवर आमच्या शेजारी दुसऱ्या एका मालकाची मोटार उभी असायची, धूर सोडत. सगळे तिकडे!

मी एका म्हाताऱ्या आजोबांना हात जोडले. "आजोबा, आमची गाडी आधी सुटते. बसा ना."

आजोबांनी बॉनेटला हात लावून पाहिला. "थंडी पडली बापू हे. मेल्या गाडीत कोन बसन?" आणि गेले की शेजारी!

* * *

दादासाहेबांचं काय सांगू! एकदा स्वतः तपासणीला आले. मूर्तिजापूरला त्यांना एक पक्षकार भेटला. एक पाय फूटबोर्डवर, एक जमिनीवर, आणि गोष्ट निघाली बांधाच्या भांडणाची. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उतारू कुरकुरायला लागले.

मालक समोर म्हणून चाचांनी, जन्मात पहिल्यांदा, आपणहून इंजिन बंद केलं. मी मनातल्या मनात नारळ फोडला.

दादासाहेब गर्रकन वळले. "बंद काहून केली रे? मी निघूनच राहिलो होतो ना!"

त्यानंतर अर्धा तास बोलले.

* * *

आणि ते रेल्वेचं फाटक! एलिचपूरची छोटी गाडी कधी येणार ते तिलाच ठाऊक, पण फाटकवाला आधीपासून फाटक लावून मोकळा. मी म्हणायचो, बंद करा. चाचा म्हणायचे, "येऊनच राहिली न गाडी!"

एक दिवस खरंच आली. आली ती फाटकातच थांबली! तिचा ड्रायव्हर चाचांचा लहानपणचा दोस्त निघाला. तो वरून विचारतो, "बकरीले काय झालं?" चाचा खालून सांगतात, "दोन पिल्लं!" इकडे आमचं इंजिन चालू, तिकडे त्याचं फुसफुसतंय, मधे बकरी! संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

मी ओरडलो, "अहो, पेट्रोल जळतंय!"

तो दोस्त शांतपणे म्हणाला, "आमचं कोयशावर चालते, मास्तर. तुमी काळजी नोका करू."

* * *

शेवटी तोड काढली ती सखूबाईनं. आमच्या मागच्या बाकाखालचा पत्रा सुटलेला होता. ती तिथं बसली आणि दोन्ही हातांनी पत्रा हलवायला लागली. घडघडघडघड! चहाचे कप टाकून लोक धावले. पाच मिनिटांत मोटार भरली, मग चाचांनी एकदाच हँडल मारलं.

महिनाभर हेच. एकदा सखूबाई आली नाही, म्हणून इंजिन खरंच चालू करून ठेवलं. तेच मेल्या गाडीवाले आजोबा दारातच थबकले. "आज आवाज बारीक येते बापू. गाडी बिघडली काय?"

* * *

महिना संपला, आणि कुपनं उरली! मी हवेत. दादासाहेबांनी मला आणि चाचांना उरलेली कुपनं घेऊन पेट्रोलचा कोटा ठरवणाऱ्या साहेबांकडे पाठवलं. वाटलं, शाबासकी मिळेल.

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली आणि आमच्या कागदावर रेघ मारली. "उरली? म्हणजे लागत नाहीत. पुढच्या महिन्यापासून तेवढी कमी."

म्हणजे मोटार पुन्हा कडुनिंबाखाली, मग विक्री, आणि माझं लग्न? मी गयावया करायला लागलो. साहेब टेबलावरची हॅट चाचपत म्हणाले, "मला वेळ नाही. गाडी चालू ठेवून आलोय."

खरंच, बाहेर त्यांची मोटार घरघरत होती. अर्धा तास तरी झाला असेल!

चाचा म्हणाले, "सायेब, पान थुकून येतो."

मी हातापाया पडतच होतो. एकाएकी बाहेरची घरघर थांबली. चाचा तोंड पुसत आत आले.

साहेब धावले. त्यांचंही सेल्फ मेलेलं! चपराशानं हँडल मारलं आणि मनगट धरून खालीच बसला. साहेबांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी हँडल हातात घेतलं, आणि नुसतंच घेतलं.

"माराची होती सायेब. पन पेट्रोल कमी झालं, या फिकरीनं हातातला जोरच गेला."

साहेबांनी दात खाल्ले, माझ्या हातातला कागद ओढून बॉनेटवर ठेवला, लाल रेघ खोडून सही केली. पहिल्याइतकीच कुपनं! चाचांनी एकच हात मारला. गाडी चालू.

मी चाचांना बाजूला घेतलं. "खरं सांगा, बंद तुम्हीच केली ना?"

"मी? अन् चालू गाडी बंद करन? तीन सालात पाह्यलं काय कधी मले?"

तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले. हॅट टेबलावरच राहिली होती. ते पुन्हा आत गेले, गाडी तशीच चालू ठेवून.

चाचांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, पान हाये काय एखांदं?"