अंगाऱ्यावर बसलेली मेंढरं

हडपसरच्या सरुबाईला गावात कुणी वेडी म्हणत नसे. तोंडावर म्हणत नसे, एवढंच.

पेशवाईतली गोष्ट. शनिवार पेठेतल्या दिगंबरपंतांचा हडपसरात एक मुरमाड माळ होता. सरुबाई आणि तिचा नवरा गेनबा तो कसत. कसत म्हणजे, वरून पाणी घालत आणि ते खालून निघून जाताना बघत.

सरुबाईचं माहेर कऱ्हाकाठचं. तिथं नदीच्या दरडीत पांढुरकी, पिठासारखी राख सापडे. बाया तिनं भांडी घासत. म्हातारी माणसं सांगत, ही ऋषींच्या यज्ञाची राख, चिमूटभर कपाळाला लावा. सरुबाईचा विचार सरळ होता. चुलीच्या राखेनं परसातला भोपळा फुगतो, मग यज्ञाच्या राखेनं माळ का फुगू नये? तिनं दिवेघाटातून बैलांच्या पाठीवर गोण्या आणवल्या आणि माळावर राखेचा जाड थर दिला.

पावसात थर भिजला, उन्हात आवळला आणि सारवलेल्या ओसरीसारखा गुळगुळीत झाला. पुढचा पाऊस वरच्यावर वाहून गेला. वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या.

पंत बघायला आले. काठीनं जमीन ठोकून म्हणाले, "अंगण छान झालंय. तुळस लावा."

"पंत, अजून एक पावसाळा द्या," सरुबाई म्हणाली.

"दिला. पुढच्या चंपाषष्ठीला आमच्या खंडोबाच्या भरताची वांगी याच माळावरची हवीत. आली, तर माळ तुमच्याकडे. नाही आली, तर इथे पागेच्या घोड्यांसाठी गवत. गवत निदान गोण्या मागत नाही."

गेनबानं मान खाली घातली. सरुबाईनं पदर खोचला.

चूक तिचीच होती. चुलीची राख लाकडाची; तिच्यातलं पोटॅश पाण्यात लगेच विरघळतं. कऱ्हाकाठची राख कुठल्याशा दूरच्या ज्वालामुखीनं कधीकाळी उधळलेली, म्हणजे मुळात काचेचं पीठ. सिलिका भरपूर, जोडीला पोटॅश, सोडा, थोडा चुना, लोह. पण सगळं काचेत कोंडलेलं, झिजत झिजत सावकाश सुटणारं. आणि पानं फुटायला जे नत्र लागतं, ते तिच्यात जवळजवळ नाहीच. यातलं सरुबाईला काही ठाऊक नव्हतं. पंतांनाही नव्हतं, पण त्यांचं काही अडत नव्हतं.

तिला एक गोष्ट मात्र दिसली. बांधाच्या कडेला एक रोप जिवंत होतं. तिथून धनगराचा कळप गेला होता. खुरांनी थर फुटून राख, मुरूम आणि लेंड्या एकत्र कालवल्या गेल्या होत्या. तिनं हात घातला. आतली माती ओली होती. या माळानं ओल धरल्याचं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

वैशाखात भैरू धनगर कळप घेऊन आला, तशी ती वाटेत उभी राहिली.

"भैरूबा, मेंढरं माझ्या माळावर बसवा."

"त्या अंगाऱ्यावर?" भैरूनं कानाला हात लावला. "देवाच्या राखंवर लेंड्या? मेंढरं येडी हाईत बाई, मी न्हाई."

गेनबा घाबरला. "अगं, गाव वाळीत टाकंल."

"अन् घोडी चरतील तवा गाव काय करंल? बघत बसंल." मग ती भैरूकडे वळली. "खंडोबाची बाणाई कुणाची लेक?"

"धनगराची. इचारतीस काय?"

"मंग देव तुमचा जावई. सासुरवाडीला येतो तवा मेंढरांच्या वाड्यातच उतरत असंल की. तिथं काय नाक धरून बसतो?"

भैरू खो खो हसला. मेंढरं बसली. नंतर गेनबानं नांगर घातला. राख, लेंड्या आणि मुरूम यांचं असं भरीत झालं की कुठला कण कुठला ते कळेना. पावसाचं पाणी यंदा वाहून गेलं नाही, मुरलं.

कार्तिकात वांगी धरली. डोळे दिपावेत अशी नव्हती. काही वाकडी, काही लिंबाएवढी. चंपाषष्ठीच्या तोंडावर सरुबाईनं त्यातली बरी पाटीत भरली आणि गेनबासोबत शनिवार पेठ गाठली.

पंत ओसरीवर होते. गावातली बातमी पाटीच्या आधीच पोचली होती.

"देवाच्या राखेवर मेंढरं बसवलीत म्हणे?"

नाही म्हणणं सोपं होतं. गेनबानं वाटभर तेच घोकवलं होतं.

"व्हय, बसवली," सरुबाई म्हणाली. "राख बी हाय, लेंड्या बी हाईत. दोन्ही नसत्या तर वांगी नसती. देवाला चालत नसंल, तर पाटी परत न्हेते."

पंतांनी एक वांगं उचललं, नाकाशी धरलं. "वास तर वांग्याचाच येतोय." ते परत पाटीत टाकून म्हणाले, "ठेवा. देवापुढे मांडतो. पुढचं त्याचं तो बघेल."

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी पंतांचा गडी रिकामी पाटी घेऊन हडपसरला आला. सरुबाई दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, देवानं तक्रार केली नाही. घोड्यांचं दुसरीकडे बघतो."

गेनबा मटकन खाली बसला. सरुबाईनं पाटी हातात घेतली, पालथी घालून झटकली आणि म्हणाली, "बसता काय? भैरूबाला सांगावा धाडा. येत्या वैशाखात मेंढरं आधी आपल्याकडं."